सगळे भाग बरोबर, तरी रॉकेट फुटलं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अर्धवट राहिलेली वाक्यं थोडी नीट केली आहेत, बाकी गप्पा त्याच.

तारीख ४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर फ्रेंच गियाना नावाचा फ्रान्सचा प्रदेश आहे. तिथल्या कुरू गावाजवळच्या तळावर युरोपचं नवंकोरं रॉकेट उभं होतं, एरियान ५. युरोपातल्या देशांनी १९८७ मध्ये याला मंजुरी दिली होती आणि हे त्याचं पहिलंच उड्डाण होतं. वर चार उपग्रह बसवलेले. ‘क्लस्टर’ त्यांचं नाव. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर सूर्याकडून येणाऱ्या कणांचा मारा कसा होतो, हे चौघांनी मिळून मोजायचं होतं.

सकाळी साडेनऊच्या सुमारास इंजिन पेटलं. पहिली ३६ सेकंद सगळं अगदी हवं तसं चाललं. ३७ व्या सेकंदाला रॉकेटने अचानक मान टाकावी तशी दिशा बदलली. हवेचा प्रचंड दाब एका बाजूने आला, सांगाडा तुटायला लागला, आणि आपोआप स्वतःला नष्ट करणारी यंत्रणा सुरू झाली. जमिनीपासून साधारण ३,७०० मीटरवर आगीचा गोळा. चारही उपग्रह गेले. अवशेष खाली दलदलीत आणि खारफुटीत सुमारे १२ चौरस किलोमीटरवर पसरले.

इंजिन ठीक होतं. इंधन ठीक होतं. धातूत कुठे तडा नव्हता. बिघाड सॉफ्टवेअरमध्ये होता. पण आता खरी गंमत ऐका. ते सॉफ्टवेअर नवं, घाईत लिहिलेलं, न तपासलेलं असं नव्हतं. एरियान ४ या आधीच्या रॉकेटवर ते वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं होतं.

मग चुकलं कुठे? हे समजायला थोडं मागे जाऊ या.

लग्नघर आणि मुहूर्त

‘सिस्टिम्स इंजिनिअरिंग’ हा शब्द १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये वापरात आला. टेलिफोनचं जाळं देशभर पसरलं होतं. उपकरण उत्तम, तार उत्तम, एक्स्चेंज उत्तम, तरी सगळं जोडल्यावर आवाज नीट पोहोचेल याची खात्री नाही. तेव्हा लक्षात आलं की सुटे भाग बनवणं हे एक काम आहे, आणि ते एकमेकांशी नीट वागतात का हे बघणं हे दुसरं, वेगळं काम आहे.

आपल्याकडच्या लग्नघराचं उदाहरण घ्या. मंडपवाला, आचारी, गुरुजी, बँडवाला, सगळे आपापल्या कामात पक्के. पण मुहूर्त साडेबाराचा होता, तो साडेदहावर आला आणि आचाऱ्याला कोणी सांगितलंच नाही. आचाऱ्याची चूक? त्याने तर ठरल्या वेळी, चविष्ट जेवण तयार केलं. गुरुजींची? त्यांनी मंगलाष्टकं वेळेवर सुरू केली. गोंधळ झाला तो दोघांच्या मधल्या जागेत. म्हणून प्रत्येक लग्नात एक काका नाहीतर मामा असा लागतो जो स्वतः काहीच शिजवत नाही, पण कोणाला काय कळलंय आणि काय कळलेलं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. सिस्टिम्स इंजिनिअर म्हणजे हा मामा.

१९५० च्या दशकात अमेरिकेच्या क्षेपणास्त्र प्रकल्पांनी ही पद्धत घट्ट बसवली. पुढे अपोलो मोहिमेत सुमारे चार लाख लोक कामाला होते. तिथे दोन भागांच्या जोडाला स्वतःचा कागद असायचा. या बाजूने किती व्होल्ट येणार, त्या बाजूला कोणता सिग्नल जाणार, सगळं त्यात लिहायचं, दोन्ही बाजूंनी सह्या करायच्या, आणि परस्पर बदल करायचा नाही.

सॉफ्टवेअर या शिस्तीत जरा उशिरानेच आलं. ते दिसत नाही, त्याला वजन नाही, शेवटच्या दिवशीही बदलता येतं असं वाटतं. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोने भरवलेल्या परिषदेत जगभरचे तज्ज्ञ याच काळजीने जमले. प्रकल्प लांबत होते, खर्च हाताबाहेर जात होता, चुका सापडत नव्हत्या. परिषदेचं नावच मुद्दाम ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ ठेवलं होतं. पूल बांधणाऱ्यांना जी शिस्त लागते, ती आपल्यालाही लागेल का, असा तो प्रश्न होता.

१२०२ चा अलार्म

या प्रश्नाचं एक उत्तर नऊ महिन्यांतच चंद्राजवळ मिळालं.

२० जुलै १९६९. अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरत होतं आणि यानाच्या संगणकावर १२०२ हा अलार्म वाजला. अर्थ असा की संगणकाला कामं झेपत नाहीयेत. का? यानातल्या एका रडारला आणि संगणकाच्या बाजूला वेगवेगळ्या जागांहून वीज मिळत होती. दोन्हींची वारंवारता सारखी असावी, असं जोडाच्या कागदात लिहिलं होतं. पण त्यांच्या लहरींची चढउतार एकाच क्षणी व्हायला हवी, हे लिहायचं राहिलं होतं. त्यामुळे रडारकडून संगणकाकडे निरर्थक सिग्नलांचा भडिमार झाला आणि संगणकाचा बराचसा वेळ त्यातच जाऊ लागला.

म्हणजे बघा, अपोलोतही चूक जोडातच होती. मग यान वाचलं कसं?

पहिलं कारण, सॉफ्टवेअरची रचना. एमआयटीच्या प्रयोगशाळेत हे सॉफ्टवेअर लिहिलं गेलं. तिथल्या हॅल लेनिंग यांनी कामांना अग्रक्रम द्यायची पद्धत बसवली होती, आणि मार्गारेट हॅमिल्टन तिथल्या उड्डाण सॉफ्टवेअरच्या कामाचं नेतृत्व करत होत्या. कामं डोईजड झाली की संगणक सगळं सोडून द्यायचा, क्षणात पुन्हा सुरू व्हायचा, आणि फक्त महत्त्वाची कामं परत हातात घ्यायचा. उतरणं महत्त्वाचं, तर उतरणं चालू. बाकीची कामं थांबली तरी चालतील.

दुसरं कारण, रंगीत तालीम. मोहिमेच्या काही दिवस आधी ह्यूस्टनमध्ये संपूर्ण उतरणीचा सराव झाला होता. सराव घेणाऱ्यांनी मुद्दाम असाच एक अलार्म घुसवला. मार्गदर्शन कक्षातल्या स्टीव्ह बेल्स यांनी मोहीम रद्द करायला सांगितलं आणि तो निर्णय चुकीचा ठरला. मग सगळ्या अलार्मांचा अर्थ शोधायचं ठरलं. जॅक गार्मन यांनी हाताने यादी लिहिली, कोणत्या अलार्मला थांबायचं आणि कोणत्याला पुढे जायचं. खऱ्या उतरणीत अलार्म वाजला तेव्हा गार्मन २४ वर्षांचे होते आणि बेल्स २६ वर्षांचे. यादी समोर होती. उत्तर गेलं, पुढे चला.

या दोन गोष्टी लक्षात ठेवा. बिघडल्यावर कसं वागायचं हे आधीच ठरलेलं, आणि पूर्ण यंत्रणेची तालीम झालेली. आता परत कुरूला येऊ.

मापट्यात पायली

अपघातानंतर चौकशी मंडळ बसलं. फ्रेंच गणितज्ञ जाक-लुई लिओन्स अध्यक्ष होते. १९ जुलै १९९६ ला, म्हणजे दीड महिन्यात, अहवाल आला. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा असं मला मनापासून वाटतं.

रॉकेटला आपण कुठे आहोत, कुठल्या वेगाने आणि कुठल्या बाजूला कलतोय, हे सांगणारी एक पेटी असते. तुमचा फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ना? ती ज्या प्रकारच्या सेन्सरवर फिरते, त्याच प्रकारचे, पण फार मोठे आणि अचूक सेन्सर या पेटीत असतात. एरियानवर अशा दोन पेट्या होत्या, एक कामाला आणि एक बॅकअपला. दोघींमध्ये यंत्रही तेच आणि सॉफ्टवेअरही तेच.

या सॉफ्टवेअरमध्ये एका ठिकाणी आडव्या वेगाशी संबंधित एक आकडा ६४ बिटच्या रूपातून १६ बिटच्या रूपात बदलला जायचा. १६ बिटच्या त्या भांड्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. मापट्यात पायलीभर धान्य ओतलं तर सांडणारच. एरियान ४ चा मार्ग असा होता की तेवढ्या वेळात हा आकडा तिथवर पोहोचायचाच नाही. एरियान ५ जास्त ताकदीचं. सुरुवातीलाच त्याचा आडवा वेग कितीतरी जास्त वाढतो. ३७ व्या सेकंदाला आकडा भांड्याबाहेर गेला.

तुम्ही म्हणाल, साधा चेक टाकायचा ना! अहवाल सांगतो की असा धोका असलेले सात व्हेरिएबल होते आणि इंजिनिअरांना ते ठाऊक होतं. चारांना संरक्षण दिलं, तीन तसेच ठेवले. कारण पेटीतल्या संगणकावर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भार नको असं ठरलं होतं, आणि या तिघांचे आकडे एरियान ४ वर मर्यादेबाहेर जाऊच शकत नाहीत, असा हिशेब होता. हिशेब बरोबर होता. एरियान ४ साठी!

धाकट्याच्या मापाने शिवलेला सदरा थोरल्याच्या अंगावर चढवला आणि शिवण उसवली, तर शिंप्याला काय बोलणार? माप बदललं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. एरियान ५ चा मार्ग या पेटीच्या गरजांच्या कागदात घातलाच गेला नव्हता.

आणखी एक गोष्ट वाचताना मी तर थबकलोच. जो हिशेब चुकला, त्याची त्या क्षणी गरजच नव्हती. उड्डाणापूर्वी वर-खाली आणि उत्तर-दक्षिण यांच्याशी पेटीला जुळवून घेण्यासाठी तो असतो. रॉकेट जमिनीवरून सुटलं की त्याला अर्थ उरत नाही. तरी तो उड्डाणात चाळीसेक सेकंद चालू ठेवला जायचा. कारण एरियान ४ वर शेवटच्या काही सेकंदांत उलटी गिनती थांबली, तर पुन्हा जुळवणी करायला पाऊण तास किंवा जास्त लागायचा. ही सोय १९८९ मध्ये एकदा उपयोगी पडली होती. एरियान ५ ची तयारीची पद्धतच वेगळी होती, त्यामुळे तिथे या सोयीचं काही काम नव्हतं. पण चालतंय ना, मग हात कशाला लावा!

हे वाक्य ऑफिसात तुम्ही ऐकलंय. मीही ऐकलंय. आणि खरं सांगायचं तर ते वाक्य मूर्खपणाचं नाही. चालत्या कोडला विनाकारण हात लावणं धोक्याचंच. फक्त कोड चालतंय ते कोणत्या परिस्थितीत, हा अर्धा भाग आपण बोलत नाही.

दोन पेट्या, एकच चूक

आकडा सांडल्यावर काय झालं तेही बघा. आधी बॅकअपची पेटी बंद पडली. डोळ्याची पापणी लवायच्या आत कामावरची पेटीही बंद, अगदी त्याच कारणाने. एकाच पुस्तकातून पाठांतर केलेल्या दोन मुलांना शेजारी बसवलं आणि पुस्तकातच चूक असली, तर दुसरं मूल काय उपयोगाचं? यंत्राचा भाग झिजतो, गरम होतो, अचानक बिघडतो. त्यावर दुसरा भाग हा चांगला उपाय आहे. सॉफ्टवेअर झिजत नाही. ते पहिल्या दिवसापासून चुकीचं असतं आणि योग्य परिस्थितीची वाट बघतं.

पेटी बंद का पडली? कारण तसंच ठरलं होतं. अनपेक्षित काही घडलं तर नोंद साठवा आणि प्रोसेसर थांबवा. यंत्रच बिघडलं असणार, दुसरी पेटी आहेच, असा त्यामागचा विचार. अपोलोचा संगणक अडचणीत आल्यावर बिनमहत्त्वाचं काम टाकून देत होता. एरियानच्या पेटीने बिनमहत्त्वाच्या कामापायी महत्त्वाचं काम टाकून दिलं.

बंद पडताना पेटीने बिघाडाचा तपशील पाठवला. मुख्य संगणकाने तो उड्डाणाची माहिती म्हणून वाचला. त्याला वाटलं रॉकेट भलतीकडे वळलंय. त्याने बूस्टर आणि मुख्य इंजिन यांची तोंडं पूर्ण वळवून, न झालेली चूक दुरुस्त केली. मुख्य संगणकाने मिळालेल्या आकड्यांनुसार अचूक काम केलं हो!

चौकशीत खऱ्या मार्गाचे आकडे घालून नक्कल चालवली, तेव्हा अपघाताची साखळी जशीच्या तशी उभी राहिली. म्हणजे ही चूक जमिनीवर सापडण्यासारखी होती. पण आधीच्या संपूर्ण चाचण्यांत खऱ्या पेट्यांऐवजी त्यांची नक्कल करणारं सॉफ्टवेअर वापरलं होतं, आणि नक्कल बिघडत नव्हती. पेट्या एरियान ४ वर सिद्ध झाल्यात, असं सगळ्यांनी धरलं होतं.

दलदलीतून शोधपथकाने दोन्ही पेट्या बाहेर काढल्या. कामावरच्या पेटीच्या मेमरीत शेवटच्या क्षणाची नोंद शाबूत होती. तिच्यामुळे कारण इतकं नेमकं कळलं.

कागद होता, दिसत नव्हता

आता कोणी म्हणेल, सिस्टिम्स इंजिनिअरिंग म्हणजे कागदांचा ढीग, आम्हाला दोन आठवड्यांत रिलीज करायचंय. यावर अहवालातच फार महत्त्वाची गोष्ट आहे. कागद होते! तीन व्हेरिएबल उघडे ठेवण्याचा निर्णय कंत्राटाच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर सगळ्यांनी मिळून घेतला होता. पण त्याचं कारण कोडमध्ये त्या ओळीजवळ कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि कागदपत्रांच्या ढिगात ते बाहेरच्या परीक्षकाला दिसण्यासारखं नव्हतं. कोणी लपवलं नाही, तरी ते लपलं.

म्हणून मला वाटतं, या सगळ्या शिस्तीचा गाभा कागदात नाही. नळाचं पाणी सहसा पाइपच्या मधून गळत नाही, जोडातून गळतं. प्रत्येक जोडाजवळ एक गृहीत धरलेली गोष्ट असते. कोडबरोबर ती गोष्टही प्रवास करायला हवी. आकडा अमुकच्या वर जाणार नाही, कारण अमुक रॉकेटचा वेग तितका नाही, एवढी एक ओळ त्या कोडला चिकटलेली असती, तर एरियान ५ वर काम करणाऱ्या कोणाच्या तरी नजरेला ती टोचली असती.

तुम्ही यूपीआयने चहाचे वीस रुपये देता तेव्हा तुमचं अॅप, तुमची बँक, मधली एनपीसीआयची यंत्रणा आणि समोरच्याची बँक, एवढे वेगवेगळे भाग काही सेकंदांत एकमेकांशी बोलतात. मधूनच कोणाचं उत्तर आलं नाही, तर स्क्रीनवर ‘पेंडिंग’ येतं. आपण वैतागतो. पण ‘झालं’ आणि ‘नाही झालं’ यांच्या जोडीला ‘अजून कळलेलं नाही’ असं तिसरं उत्तर कोणीतरी विचार करून ठेवलंय. एरियानच्या मुख्य संगणकाकडे हे तिसरं उत्तर नव्हतं. समोरून जे आलं ते त्याने खरं मानलं.

तुमच्यापैकी बरेच जण हिंजवडीत, खराडीत, एरोलीत, कुठेतरी अशाच एका मोठ्या यंत्रणेचा छोटा तुकडा लिहीत असाल. ‘माझं मॉड्युल चालतंय’ हे वाक्य खरंच असतं. त्याच्या पुढे चार प्रश्न विचारून बघा. हे चालण्यासाठी मी काय काय धरून चाललोय? ते माझ्या शेजारच्या टीमला माहीत आहे का? माझं बिघडलं तर शेजाऱ्याला कळेल, की त्याला ते खरंच उत्तर वाटेल? आणि सगळे खरे भाग जोडून, खऱ्या आकड्यांवर, आपण एकदा तरी चालवून पाहिलंय का? छोट्या अॅपला एवढं पुरे. दवाखान्यातल्या, रेल्वेतल्या, विमानातल्या सॉफ्टवेअरला याच प्रश्नांसाठी वेगळी माणसं नेमावी लागतात, आणि त्यांना थांबा म्हणायचा अधिकारही द्यावा लागतो.

पुढे काय झालं? सॉफ्टवेअर दुरुस्त झालं, चाचण्या बदलल्या, आणि एरियान ५ जगातल्या भरवशाच्या रॉकेटांपैकी एक ठरलं. आपलं एरियानशी नातं जुनं आहे. भारताचा अॅपल उपग्रह १९८१ मध्ये पहिल्या एरियानच्या तिसऱ्या चाचणी उड्डाणावरून गेला होता. त्या अपघाताला चार वर्षंही झाली नव्हती तेव्हा, मार्च २००० मध्ये, इस्रोचा इन्सॅट-३बी उपग्रह एरियान ५ वरूनच अवकाशात गेला. त्याच वर्षी क्लस्टरचे चार नवे उपग्रह रशियन सोयुझ रॉकेटांवरून गेले आणि जुन्यांचं राहिलेलं काम त्यांनी केलं. २५ डिसेंबर २०२१ ला जेम्स वेब दुर्बीण त्याच कुरूच्या तळावरून, एरियान ५ वर निघाली. जुलै २०२३ मध्ये हे रॉकेट निवृत्त झालं, एकूण ११७ उड्डाणं करून. त्यातलं पहिलं ३७ सेकंदांत बिघडलं होतं.

तुमच्या कामात असा कुठला जोड आहे, ज्याच्याकडे कोणाचंच लक्ष नाही? कंपनीचं नाव न घेता नक्की लिहून पाठवा, पुढच्या भागात त्यातल्या काहींवर बोलू. तोवर, काळजी घ्या, भेटू या!